तिसरी फुली

"बत्ती चालू छे ने?"

लंडनच्या हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनाबाहेरच्या बस स्टॉपवर त्यांनी मला हे विचारलं, ती मे २०२२ मधली दुपार होती. पाऊस नुकताच थांबला होता, बाकावर पाणी साचलं होतं, आणि दोघी उभ्याच होतो. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती. कोटावर आठवड्यापूर्वीपर्यंत असलेली पक्षाच्या रंगाची फीत आता नव्हती. पण पिन टोचून टोचून पडलेली दोन बारीक भोकं कोटाच्या कडेला दिसत होती. निकाल लागून चार दिवस झाले होते. त्या पडल्या होत्या. मी म्हटलं, हो, दिवा चालू आहे, रोज लागतो. "सरस," त्या म्हणाल्या. मग माझ्या दंडाला हलकेच हात लावून इंग्रजीत म्हणाल्या, तुमच्यासारख्या माणसांनी साथ दिली, ते मी विसरणार नाही. तेवढ्यात १८३ नंबरची बस आली, त्या चढल्या, आणि खिडकीतून त्यांनी हात केला. मीही केला. मलाही तीच बस पकडायची होती. मी पकडली नाही.

मी त्यांना मत दिलं नव्हतं.

त्या कोण, कुठल्या वॉर्डातल्या, कुठल्या पक्षाच्या, हे लिहिणार नाही. ओळख पटेल अशा एकदोन खुणाही बदलल्या आहेत. मी कुठल्या पक्षाला मत दिलं तेही सांगणार नाही. हे सगळं मनात चार वर्षं पडून आहे, आणि गेल्या महिन्यात दारातल्या पायपुसण्यावर नवं पोल कार्ड पडलेलं पाहिलं तेव्हा पुन्हा टोचायला लागलं. ७ मे २०२६, गुरुवार, सकाळी ७ ते रात्री १०. कार्ड उचलून फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि चहा टाकला, तर कानात तोच प्रश्न.

दिव्याची गोष्ट अशी. स्टेशनाकडून आमच्या घराकडे येताना एक अरुंद बोळ लागतो. एका बाजूला इमारतीची आंधळी भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्यांचं कुंपण, मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. तिथे एकच खांब आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याचा दिवा गेला. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच काळोख होतो. कामावरून परतताना मी त्या बोळाच्या तोंडाशी थांबायची, मागून कोणी येतंय का बघायची, फोनचा टॉर्च लावायची आणि श्वास धरून पलीकडे जायची. ओल्या पानांचा कुजका गोडसर वास, कुंपणामागे खुडबुडणारा कोल्हा आणि आपल्याच बुटांचा आवाज. बोळ रस्त्यात मोडत नाही, इमारतीच्या मालकीचा आहे, आणि मालक म्हणजे एक कंपनी, जिचा पत्ता भलत्याच गावचा. तिला मी तीन ईमेल पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी शेजारच्या आजींनी सांगितलं की काउन्सिलरच्या, म्हणजे इथल्या नगरसेवकाच्या, सर्जरीला जा.

सर्जरी हा शब्द मी दवाखान्यापलीकडे पहिल्यांदा ऐकला. लायब्ररीच्या कोपऱ्यात, मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्या बाई. समोर वही. माझ्या आधी एक गृहस्थ शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाबद्दल बोलत होते, आणि त्यांच्या आधीच्या तरुण मुलीच्या भाड्याच्या घरात बुरशी आली होती. प्रत्येकाचं नाव त्यांनी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. माझं नाव ऐकून म्हणाल्या, महाराष्ट्रियन? आणि हिंदी-गुजराती-इंग्रजी अशा मिसळीत बोलू लागल्या. त्यांचा जन्म नैरोबीचा. १९६८ साली, इथला कायदा बदलून दारं बंद होण्याआधी, आईबापांबरोबर आल्या, तेव्हा त्या शाळेत होत्या. तीन दिवसांनी संध्याकाळी सहा वाजता माझ्या दारावर थाप पडली. सलवार-कमीजवर गुडघ्यापर्यंतचा कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात मोठी बॅटरी. "चलो, खांबा दिखाओ." आम्ही दोघी त्या बोळात गेलो. त्यांनी खांबावरचा नंबर बॅटरीच्या उजेडात वाचला, मोठ्याने म्हणून दाखवला, वहीत उतरवला. थंडीने त्यांचं अक्षर वाकडं येत होतं. पुढे त्यांनी कोणाला किती फोन केले मला माहीत नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी बोळाच्या तोंडाशी आले, तर आतमध्ये पांढरा उजेड पडला होता. ओली फरशी चमकत होती. मी उगाचच दोनदा ये-जा केली.

मला इथे मतदान करता येतं हेसुद्धा त्याच हिवाळ्यात कळलं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे; मंडळ १९३२ पासूनचं, आणि ती जागा आमच्या शेजारच्या ब्रेंट बरोमध्ये येते (बरो म्हणजे लंडनचा स्वतःचं काउन्सिल असलेला विभाग). तिथे एका कार्यक्रमानंतर बटाटेवड्याची बशी हातात धरून एका काकांनी विचारलं, नाव नोंदवलंस का मतदार यादीत? मी म्हटलं, माझा पासपोर्ट भारताचा आहे. ते म्हणाले, मग? राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मत आहे, काउन्सिललाही आणि पार्लमेंटलाही. मला खरं वाटेना. २०१८ च्या शरदात मी इथे आले तेव्हापासून मी स्वतःला पाहुणी समजत होते. वेळेवर काउन्सिल टॅक्स भरायचा, निळ्या डब्यात कागद-प्लास्टिक नीट वेगळं टाकायचं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला नावाने हाक मारायची, आणि बाकी कशात पडायचं नाही. मत म्हटलं की डोळ्यांपुढे कोथरूडची शाळा, बोटावरची शाई, बाहेर पडल्यावर बाबांबरोबर घेतलेला अमृततुल्य. घरी येऊन ऑनलाइन अर्ज भरला. पाच मिनिटं लागली. एवढ्या मोठ्या गोष्टीला पाचच मिनिटं लागावीत याचं त्या रात्री मला विचित्र वाईट वाटलं, जणू माहेरी न विचारता काहीतरी करून बसले.

तर ५ मे २०२२. मतदान एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. फरशीच्या पॉलिशचा वास, भिंतीशी रचून ठेवलेल्या लहान मुलांच्या रंगीत खुर्च्या, आणि दाराबाहेर आकड्याला बांधून ठेवलेला एक शांत लॅब्रेडॉर. फाटकाशी दोन पक्षांचे दोन स्वयंसेवक एकाच बाकावर बसून एकाच थर्मासमधला चहा पीत होते. मी पासपोर्ट घेऊन गेले होते, पण कोणी विचारलाच नाही. नाव आणि पत्ता सांगितला, बाईंनी यादीवर पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ मारली, आणि हातात लांब मतपत्रिका दिली. शाई नाही, बटण नाही, ती टुंई करून येणारी शिटी नाही. लाकडी आडोसा आणि सुतळीला बांधलेली बोटभर पेन्सिल. आमच्या वॉर्डातून तीन जण निवडायचे होते, म्हणून तीन फुल्या. पुण्यात २०१७ ला मी चार बटणं दाबली होती, अ, ब, क, ड. तिथे प्रत्येक जागेची वेगळी निवड असते. इथे सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावाच्या अक्षरक्रमाने, वेगवेगळ्या पक्षांचे एकमेकांत मिसळून. त्यांतल्या कुठल्याही तिघांपुढे फुली मारायची. दोन फुल्या मी विचार करून मारल्या. त्या पक्षाला कौल द्यायचा हे मी घरूनच ठरवून आले होते. देशात काय चाललंय, टाळेबंदीत पंतप्रधानांच्या घरात झालेल्या पार्ट्या, एप्रिलपासून भडकलेलं गॅस-विजेचं बिल, काउन्सिल टॅक्स, सगळं मनात घोळवून ठरवलं होतं. तिसरी फुली मारताना पेन्सिल अडली. त्या बाईंचं नाव खालच्या बाजूला होतं. मी ते वाचलं. कोट, टोपी, बॅटरी, वाकडं अक्षर, सगळं दिसलं. मग वरच्या एका नावापुढे, ज्या माणसाचा चेहरा मी फक्त पत्रकावर पाहिला होता, त्याच्यापुढे तिसरी फुली मारली, कारण तो माझ्या पक्षाचा होता.

बाहेर आले तर लॅब्रेडॉर झोपला होता.

हॅरोचा निकाल लंडनमध्ये गाजला. आधीच्या सभागृहात ६३ जागा होत्या, त्यांत मजूर पक्षाच्या ३५ आणि हुजूर पक्षाच्या २८. वॉर्डांच्या सीमा नव्याने आखल्या, जागा ५५ झाल्या, आणि हुजूर पक्षाला ३१ तर मजूर पक्षाला २४ मिळाल्या. सत्ता पालटली. गंमत अशी की त्याच मतदानात बाकी लंडनमध्ये वारा नेमका उलटा वाहत होता. १९७८ पासून हुजूरांकडे असलेलं वॉन्ड्सवर्थ मजूरांनी घेतलं, बार्नेट घेतलं, आणि काउन्सिल स्थापन झाल्यापासून कधीच न मिळालेलं वेस्टमिन्स्टरसुद्धा घेतलं. बार्नेट तर आमच्या शेजारचं. एजवेअरच्या रस्त्याच्या एका बाजूला एक निकाल, दुसऱ्या बाजूला दुसरा. हॅरो आधीपासूनच असा वेगळा वागणारा बरो असावा. १९६५ ला लंडनच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा कोणाशीही जोडला न जाता, जुन्या हद्दीसकट जसाच्या तसा राहिलेला हा एकटाच. टेकडीवर नेहरू शिकले ती शाळा आणि सेंट मेरी चर्चचा कळस. खाली केंटन रोडवर फाफडा, पानाचे डबे आणि साड्यांची दुकानं.

निकालानंतर सगळीकडे एकच स्पष्टीकरण ऐकू आलं. भारतीयांनी फिरवलं. ऑफिसात एकाने मला थेट विचारलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं का? मला राग आला. आम्ही कोण सगळे? नैरोबीहून आलेली कुटुंबं, कच्छची, श्रीलंकेतून जीव मुठीत धरून आलेली तमिळ माणसं, पंजाबी, आणि परवा-परवा व्हिसावर आलेले आमच्यासारखे पुण्या-नाशिकचे. आमची दिवाळीही एका दिवशी होत नाही. आमच्या गल्लीत एका घराच्या खिडकीत हुजूरांचं निळं पोस्टर होतं आणि शेजारच्याच घरात मजूरांचं लाल, दोन्ही घरांचं आडनाव पटेल. कोणाला बागेच्या कचऱ्याच्या तपकिरी डब्याचे पैसे खटकत होते, कोणाला दुकानापुढे गाडी लावायला मोजावे लागणारे पैसे, कोणाला म्हाताऱ्या आईसाठी मिळणारी मदतनीस. असल्या गोष्टींवर माणसं मतं देतात, आणि द्यावीत. काउन्सिल त्याचसाठी आहे. मराठी पेपरात वाचलेला 'गठ्ठा मतदान' हा शब्द मी त्या सहकाऱ्याला समजावून सांगितला, आणि ठामपणे म्हटलं की इथे तसं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात एक मैत्रीण भेटली. तिने मतमोजणीला कर्मचारी म्हणून काम केलं होतं. लांब टेबलं, पलीकडे माना पुढे काढून बघणारे उमेदवारांचे प्रतिनिधी, कागदाचा कोरडा वास, आणि बोटांना सुटलेली भेग. आधी प्रत्येक पेटीतल्या चिठ्ठ्या नुसत्या मोजून हिशेब जुळवायचा, मग मतं. ज्यांनी तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्यात त्या चिठ्ठ्या वेगळ्या काढायच्या, त्यांचे गठ्ठे बांधायचे. ते झटपट होतं. वेळ लागतो तो मिश्र चिठ्ठ्यांना. दोन फुल्या इकडे, एक तिकडे. त्या एकीखाली एक लावायच्या आणि मोठ्या तक्त्यावर प्रत्येक नावापुढे एकेक रेघ मारत जायचं. रात्री डोळे मिटले तरी रेघाच दिसतात, ती म्हणाली. पण एक सांगू, त्या मिश्र चिठ्ठ्या बघताना बरं वाटतं. कोणीतरी थांबून नावं वाचलेली असतात.

माझी चिठ्ठी गठ्ठ्यात गेली होती.

बाबांना मी हे त्या वेळी फोनवर सांगितलं नाही. त्यांना मी फक्त मतदान कसं झालं ते सांगितलं, पेन्सिलचं, कुत्र्याचं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. ४ मे ला, म्हणजे आमच्या मतदानाच्या आदल्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगाला सांगितलं होतं की स्थानिक संस्थांच्या निवडणुकांचा कार्यक्रम दोन आठवड्यांत जाहीर करा. पुणे महापालिकेची मुदत १४ मार्चला संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे गेला होता. बाबांचं गणित साधं होतं: दोन आठवडे म्हणजे पावसाळ्याच्या आगेमागे मतदान. "तुझं झालं, आता आमचं," ते म्हणाले. बाबा निवृत्त झाल्यापासून प्रभागातल्या प्रत्येक गोष्टीचे वाली झाले आहेत. झाडाची फांदी तारेवर आली की नगरसेवकाला फोन, गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसले की फोन. नगरसेवकाचा मुलगा त्यांना आजोबा म्हणतो. मार्चनंतर तो माणूस नुसता माजी झाला. फोन उचलायचा, पण म्हणायचा, काका, आता माझ्या हातात काही नाही. त्या वर्षी पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. दर रविवारी कॉलवर बाबा विचारायचे, तुमच्या काउन्सिलचं काय नवीन? मी सांगायची, पार्किंगचा पहिला तास फुकट केला नव्या लोकांनी. ते म्हणायचे, बघ, लोक बदलले की काहीतरी होतं. त्यांच्या आवाजात मत्सर नव्हता, नुसती भूक होती. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिला, आणि त्यानंतर कुठे १५ जानेवारी २०२६ ला पुण्यात मतदान झालं. मला इथे परक्या गावात तीन-तीन फुल्या मिळत होत्या, आणि माझ्या गावातल्या माणसाला जवळजवळ चार वर्षं हाक मारायला कोणी निवडलेला माणूसच नव्हता. ही गोष्ट मला अपराध्यासारखी वाटत आली आहे, तिच्यात माझा काही दोष नसताना.

कदाचित म्हणूनच मधल्या काळात मी या देशातल्या काउन्सिलांचा जुना इतिहास वाचत बसले. व्ही. के. कृष्ण मेनन आपल्याला माहीत असतात ते संरक्षणमंत्री म्हणून, किंवा १९६२ च्या उत्तर मुंबईतल्या आचार्य कृपलानींविरुद्धच्या लढतीसाठी. पण त्याआधी, १९३४ पासून १९४७ पर्यंत, ते लंडनच्या सेंट पँक्रस बरोचे काउन्सिलर होते. एकीकडे हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची मोहीम, पत्रकं, सभा. आणि दुसरीकडे सेंट पँक्रसच्या वाचनालयांची कमिटी. पुढे १९५५ मध्ये त्या बरोने त्यांना आपला मानाचा नागरिक केलं. शेजारच्या फिन्सबरीत १९३८ साली चुनीलाल कटियाल हे पंजाबातून आलेले डॉक्टर महापौर झाले, आणि त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलेलं आरोग्य केंद्र त्याच वर्षी उघडलं. मी एका शनिवारी ते बघायला गेले. पाइन स्ट्रीटवरची ती फिकट रंगाची इमारत, दोन पंख पसरून बसलेल्या पक्ष्यासारखी. पायऱ्यांवर उभी राहून मी विचार करत होते, की ज्यांचा स्वतःचा देश पारतंत्र्यात होता, त्या माणसांनी राज्यकर्त्यांच्या गल्लीतला क्षयरोग आणि पुस्तकं मनावर घेतली. त्यांना मत देणाऱ्या इंग्रज कामगारांनी मतपत्रिकेवर काय वाचलं असेल, पक्ष की नाव? नुसता पक्षच वाचला असेल तरी चालेल, असंही वाटलं. पक्ष नसता तर मेननना तिथे उभं कोणी केलं असतं?

कारण मी स्वतःशी हा वाद प्रामाणिकपणे घालत आले आहे. सभागृहात बजेट ठरतं ते बहुमताने. म्हाताऱ्यांची देखभाल, वाचनालयं किती तास उघडी, मोकळ्या जागेवर किती मजली इमारत, हे ५५ जणांतल्या २८ जणांच्या हातांवर ठरतं. एक भली बाई विरोधी बाकावर बसून काय करणार? पक्ष बघून मत देणं म्हणजे काही पाप नाही. हे सगळं मला पटतं. आणि तरी तो बोळ पक्षाने उजळला नव्हता. डिसेंबरच्या संध्याकाळी बॅटरी घेऊन पक्ष आला नव्हता. निकालाच्या पानावर मी त्यांच्या नावापुढचा आकडा पाहिला. निवडून आलेल्या तिसऱ्या माणसाचा आकडा त्याच्या वर होता. माझ्या एका फुलीने काही फरक पडला नसता. पण त्या आकड्यात मी नाही, आणि त्यांना वाटतं की मी आहे.

यंदाच्या जानेवारीत, मतदानाच्या दिवशी दुपारी, बाबांचा फोटो आला. डाव्या हाताचं बोट कॅमेऱ्याच्या फार जवळ धरलेलं, मार्करची काळी रेघ, मागे अस्पष्ट आई. रात्री कॉल केला. त्यांचा आवाज तरुण झाला होता. रांगेत सव्वा तास उभा होतो, ते म्हणाले, खुर्ची देत होते, घेतली नाही.

"चारही एकाच पक्षाला?" मी विचारलं.

"तीन. चौथं त्या पोराला दिलं."

"कोणत्या?"

"अगं तो, करोनात रात्री दोन वाजता आपल्या सोसायटीत सिलिंडर खांद्यावर घेऊन चढला होता ना, तो. अपक्ष उभा होता."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ना, तो पडणार?"

"माहीत होतं की."

"मग?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. आईने मागून गॅस बारीक केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उद्या तो आकडा बघेल ना पोरगा. त्यात माझा एक असायला हवा." दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. १६५ जणांचं नवं सभागृह आलं, प्रभागात गुलाल उधळला गेला, बाबांनी तो व्हिडिओही पाठवला. पोरगा पडला. बाबा त्याच्या घरी जाऊन आले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून चितळ्यांची बाकरवडी घेऊन गेले.

एप्रिल लागला आणि आमच्या वॉर्डातल्या उमेदवारांची यादी जाहीर झाली. रात्री स्वयंपाक उरकून मी लॅपटॉप उघडला. आडनावांच्या अक्षरक्रमाने खाली-खाली सरकत गेले. जिथे त्यांचं नाव यायला हवं होतं त्याच्या आधीचं अक्षर आलं, मग नंतरचं आलं. पुन्हा वरपासून वाचलं. इथे काउन्सिलला उभं राहायला डिपॉझिट लागत नाही, त्यामुळे यादी लांब होती. त्या नव्हत्या. मी उगाच शेजारच्या दोन वॉर्डांच्या याद्याही पाहिल्या. आता मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट त्यासाठी चालतो. मी माझा निळा पासपोर्ट, तीन सिंहांचा, कपाटातून काढून पोल कार्डाजवळ आधीच ठेवला होता. मनात, न ठरवता, तिसरी फुली मी बाजूला काढून ठेवली होती हे मला त्या क्षणी कळलं.

गेल्या मंगळवारी बोळातला दिवा पुन्हा गेला. आता एप्रिल आहे, आठपर्यंत उजेड असतो, पण मी त्या दिवशी उशिरा परतले. बोळाच्या तोंडाशी थांबले. तोच ओला लाकडाचा वास, यंदा त्यात कुंपणापलीकडच्या चेरीचा फुलोरा मिसळलेला. फोनचा टॉर्च लावून आत गेले, खांबाशी थांबले. नंबराच्या पट्टीवर शेवाळ धरलं होतं, अर्धे आकडे दिसत नव्हते. फोनमध्ये त्यांचा नंबर अजून होता, 'दिवा' या नावाने ठेवलेला. साडेनऊ वाजले होते. या वेळी कोणाला फोन करू नये हे मला कळतं. मी केला.

त्यांनी लगेच उचलला. मागे टीव्हीवर गुजराती मालिका चालू होती, तिचा आवाज कमी झाला. मी नाव सांगितलं, बोळ सांगितला. "बत्ती गई?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो बेन, गेली, आणि नंबर नीट वाचता येत नाहीये. थांबा, असं म्हणून त्या क्षणभरही न थांबता खांबाचा नंबर सांगू लागल्या, एकेक आकडा, सावकाश, चार वर्षांपूर्वी बॅटरीच्या उजेडात म्हणून दाखवला होता तसा. मी नखाने शेवाळ खरवडत गेले आणि एकेक आकडा खालून निघत गेला.

"बेन," मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं. मागच्या निवडणुकीचं."

"पहले लिखो," त्या म्हणाल्या, आणि त्या कंपनीतल्या कुठल्या माणसाला कोणत्या नंबरवर, सकाळी दहाच्या आधी गाठायचं, ते सांगू लागल्या. माझ्याकडे कागद नव्हता. पर्समधल्या सुपरमार्केटच्या पावतीमागे, टॉर्च दातांत धरून, मी लिहून घेतलं. मग टॉर्च हातात घेतला, आणि सांगितलं.